८१ चौकोन आणि नऊ जणांचे हात: शनिवारच्या ग्रुपच्या नोंदी

६ जुलै, शनिवार

नोंदी ठेवायच्या असं ठरलं आणि त्या मी ठेवायच्या असंही माझ्याशिवाय सगळ्यांनी ठरवलं. कारण मागच्या शालीच्या वेळी कोण कोणती पट्टी विणणार यावरून तीन आठवडे वाद चालला होता आणि प्रत्येकाला वेगळंच आठवत होतं. तर आता लेखी.

प्रोजेक्ट: मावशींसाठी पांघरूण. मावशींनीच हा ग्रुप सुरू केला, आमच्यातल्या निम्म्या जणांच्या हातात पहिल्यांदा सुई त्यांनीच दिली. आता त्यांची नजर फार अधू झालीये, मुलीकडे राहायला गेल्यात, विणणं बंद. त्यामुळे रंग कोणते यावर फार डोकं लावायचं नाही, हाताला काय लागेल ते बघायचं, असं आजी म्हणाल्या आणि मग पुढचा एक तास सगळ्यांनी रंगांवरच डोकं लावलं.

हिशोब गणिताच्या बाईंनी जागच्या जागी केला. आम्ही नऊ जण, प्रत्येकी नऊ चौकोन, १५ सेंमीचा एक. म्हणजे ८१ चौकोन, नऊ बाय नऊ, १३५ सेंमीचं चौरस पांघरूण. इतकं छान जमलं की बाई स्वतःच दोनदा खूश झाल्या.

सुईवाले (दोन सुयांवर विणणारे) पाच: आजी, काका, नाइट ड्यूटीवाली ताई, मोठ्या जाऊबाई, मी. हुकवाले (हुकने क्रोशे करणारे) चार: गणिताच्या बाई, कॉलेजवाली, डावखुरी ताई, धाकट्या जाऊबाई. हो, दोघी जावा दोन वेगळ्या पार्टीत, आणि ते तसंच बरं आहे असं दोघींचंही मत आहे.

१३ जुलै

नमुने आणायचे होते. सुईवाल्यांना सांगितलेलं अगदी सोपं: डीके म्हणजे मध्यम जाडीची लोकर, ४ मिमी सुया, ३३ टाके, सगळ्या सुया (म्हणजे ओळी) सुलट. सगळ्यांना सेम. टेबलावर मांडले तर हे असं:

आजी १३.५ सेंमी. मी १५. काका १५ ला किंचित कमी. मोठ्या जाऊबाई १७ (!). नाइट ड्यूटीवाल्या ताईने दोन आणलेले, एक १४ आणि एक १६, म्हटलं हे काय, तर पहिला ड्यूटीवरून आल्या आल्या विणलेला आणि दुसरा सुट्टीच्या दिवशी. म्हणजे माणूस तेच, सुया त्याच, लोकर तीच, फक्त झोप वेगळी.

आजींचा चौकोन इतका घट्ट की उभा केला तर उभा राहतो. मोठ्या जाऊबाईंच्यातून पलीकडचं दिसतं. मग थोडा वेळ सगळे एकमेकांचे नमुने हातात घेऊन ओढून बघत बसलो, मला हे फार आवडतं, एरवी आपण कोणाच्या हातचं इतकं जवळून बघत नाही. काका धागा डाव्या हातात धरतात, बाकी आम्ही सगळे उजव्या हातात, हे मला दोन वर्षांत पहिल्यांदा कळलं.

पण प्रश्न राहिलाच. हे ४५ तुकडे एकमेकांना जोडायचे कसे?

आजी म्हणाल्या जाड सुया घेते. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या मी बारीक घेते. ताई म्हणाली मी झोप घेते.

२० जुलै

सुईवाल्यांचा प्रश्न सुटला, काकांनी सोडवला. कोपऱ्यातून विणायचं. तीन टाके घालायचे, मग प्रत्येक सुईला सुरुवातीचे दोन सुलट, धागा पुढे घेऊन एक टाका वाढवायचा, उरलेले सुलट. असा त्रिकोण मोठा होत जातो. त्याची बाजू १५ सेंमी भरली की वाढवणं बंद करून प्रत्येक सुईला एकेक टाका कमी करत यायचं, समोरच्या कोपऱ्यात संपतं. यात टाके किती झाले हे कोणी मोजतच नाही, फक्त पट्टी लावायची. आजींना बाजू भरायला जास्त टाके लागतील, जाऊबाईंना कमी, पण चौकोन दोघींचा १५ चाच.

म्हणजे कोणाचा हात बदलायला नको. इतकं साधं होतं आणि आम्ही आठवडाभर सुयांचे नंबर बदलत बसलेलो.

शिवाय धागा पुढे घेतल्यामुळे कडेने बारीक भोकांची रांग तयार होते. हुकवाल्या ते बघून एकदम खूश, जोडताना हुक घालायला आयत्या जागा. त्यांनी कौतुक केलं की समजायचं काहीतरी खरंच चांगलं झालंय.

२७ जुलै

आज हुकवाल्यांची पाळी. त्यांचा ग्रॅनी स्क्वेअर, मधून बाहेर वाढत जाणारा, तीन तीन खांबांचे गट आणि कोपऱ्यात दोन गट, मध्ये साखळी. सहा फेऱ्या, चार रंग. तीन जणींचे साधारण सारखे आले, धाकट्या जाऊबाईंचा मात्र बशीपेक्षाही लहान आणि पुठ्ठ्यासारखा जाड.

तर झालं असं की त्या शिकल्या एका ब्रिटिश पुस्तकावरून, आणि आम्ही पाठवलेला पॅटर्न होता अमेरिकन. अमेरिकन पद्धतीत ज्या टाक्याला डबल म्हणतात त्याला ब्रिटिश ट्रेबल म्हणतात, आणि ब्रिटिशांचं डबल म्हणजे अमेरिकनांचं सिंगल, त्याहून आखूड टाका. त्यांनी इमानदारीत सहाही फेऱ्या डबल केल्या, पण स्वतःच्या डबलने. कॉलेजवाली समजवायला लागली की एक पायरी वर धरायची, मग दुसरं कोणीतरी म्हणालं नाही खाली, मग वही काढून तक्ता करायला घेतला आणि तक्ताही चुकला.

आजी इतका वेळ गप्प विणत होत्या. म्हणाल्या, "अगं साखळी म्हणा, मुका खांब म्हणा, खांब म्हणा. आमच्या वेळी एवढ्यात सगळं व्हायचं."

खरंच की. धागा न गुंडाळता केला तो मुका खांब, एकदा गुंडाळून केला तो खांब. हाताने काय केलं तेच नावात आहे, देश कुठला का असेना. यापुढे ग्रुपचे सगळे पॅटर्न खांबाच्या भाषेत लिहायचे असा ठराव एकमताने पास. धाकट्या जाऊबाईंनी तो पुठ्ठा उसवला नाही, गरम भांड्याखाली ठेवायला घरी नेला.

३ ऑगस्ट

मोजणी: १९ चौकोन. फार काही नाही. कॉलेजवाली परीक्षेमुळे नाही आली, काका आले पण चष्मा विसरले म्हणून नुसते गप्पा मारून गेले.

१० ऑगस्ट

डावखुऱ्या ताईबद्दल लिहायलाच हवं. ती वर्षभर ग्रुपमध्ये आहे, क्रोशे येतं तिला, पण नवीन काही शिकायचं म्हटलं की वैतागते, कारण शिकवणारी शेजारी बसून दाखवते आणि हिला सगळं मनातल्या मनात उलटं करून घ्यावं लागतं. आज कोपरा वळवायला अडकली होती तेव्हा गणिताच्या बाई शेजारून उठल्या आणि तिच्या समोर जाऊन बसल्या. आरशासारखं. बाई उजव्या हाताने करतायत ते तिला समोर बरोब्बर तिच्या डाव्या हातासारखं दिसतंय. दहा मिनिटांत तिचा कोपरा आला. एक वर्ष आम्ही सगळे तिच्या चुकीच्या बाजूला बसत होतो, बस एवढंच!

ती काही बोलली नाही, पण लागोपाठ दोन चौकोन पूर्ण करून गेली.

१७ ऑगस्ट

चौकोन ३१. आज काम कमी आणि भांडण जास्त, पण मस्त भांडण.

विषय: सुई श्रेष्ठ की हुक. मोठ्या जाऊबाईंनी सुरुवात केली की विणकाम कसं तलम आणि अंगासरशी बसतं, क्रोशे आपलं जाडंभरडं. त्यावर धाकट्या म्हणाल्या की विणकाम काय मशीनही करतं, आणि ते खरं आहे, विल्यम ली नावाच्या माणसाने इंग्लंडमध्ये १५८९ मध्येच मोजे विणायचं मशीन बनवलं होतं. पण क्रोशेचा खरा टाका घालणारं मशीन अजून कारखान्यांत आलेलं नाही, दुकानात दिसणारा खरा क्रोशेचा तुकडा कुठेतरी कोणीतरी हातानेच केलेला असतो. (मी यावर गप्प बसले. कारण मग तो इतका स्वस्त कसा मिळतो हा प्रश्न डोक्यात आला आणि तो काही गमतीचा नाही.)

तेवढ्यात मोठ्यांचाच टाका गळला. सुईवर पन्नासेक टाके उघडे असतात, त्यातला एक सुटला की शिडी उतरल्यासारखा खाली खाली जातो. क्रोशेत तसं नाही, हुकवर कायम एकच फास जिवंत असतो, उसवलं तरी जिथे थांबाल तिथे थांबतं. सहा ओळी खाली गेला होता. आणि तो वर कशाने काढला? धाकटीच्या हुकने, तिनेच, एकेक पायरी वर ओढून. हॉलमध्ये पूर्ण शांतता. मग मोठ्या म्हणाल्या, "बरं, ठेव तुझा हुक माझ्या पिशवीत." परत नाही दिला म्हणे अजून.

२४ ऑगस्ट

कॉलेजवालीने मधल्या वेळात एक गोल रुमाल करायला घेतला होता. गोल सपाट यायला प्रत्येक फेरीत ठराविकच टाके वाढवावे लागतात. कमी वाढवले तर त्याची वाटी होते, जास्त वाढवले तर कडा लाटांसारख्या उसळायला लागतात. हिची पूर्ण झालर झालेली. उसवायला निघाली तर गणिताच्या बाई ओरडल्या, थांब!

मग आम्हाला लेक्चर. अशा आकाराला गणितात हायपरबोलिक प्रतल म्हणतात, ते वर्गात दाखवणं फार कठीण, कागदाचं केलं तर लगेच फाटतं. १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात डायना ताइमिन्या नावाच्या गणितज्ञ बाईंनी ते चक्क क्रोशेने केलं, दर ठराविक टाक्यांमागे एक टाका वाढवत जायचं, बस. हातात धरता येतं, दुमडून रेषा दाखवता येतात. बाई शिकवताना इतक्या रंगल्या की त्यांचा स्वतःचा चौकोन पाच कोपऱ्यांचा झाला. कॉलेजवालीची झालर आता त्यांच्या शाळेत जाणार आहे.

चौकोन ४०. पाच कोपऱ्यांचा धरलेला नाही.

७ सप्टेंबर

मागच्या शनिवारी मी गेले नव्हते. आज ५८ झाले असं कळलं, म्हणजे मी नसताना जास्त काम होतं.

मी गैरहजर का होते ते लिहिते, लपवण्यात अर्थ नाही. माझे नऊ चौकोन तयार होते, म्हटलं धुऊन ठेवू. सगळे अॅक्रिलिकचे, फक्त एक उरलेल्या शुद्ध लोकरीचा, रंग सुंदर होता म्हणून केलेला. आणि मी सगळे एकत्र मशीनमध्ये गरम पाण्यात टाकले. अॅक्रिलिकला काही झालं नाही. पण खऱ्या लोकरीच्या तंतूंवर खवले असतात, गरम पाणी आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत. १५ चा ११ झाला, टाके दिसेनासे झाले, नुसता नमदा. हे मला माहीत होतं. मीच नवीन लोकांना सांगते हे. म्हणून एक शनिवार तोंड दाखवलं नाही.

आज नेला तर आजी हातात घेऊन म्हणाल्या, "छान झालंय हो, टाचण्यांच्या उशीला." सगळे हसले, मीही. एक चौकोन कमी. लोकर माझ्याकडे पुष्कळ आहे पण का कोण जाणे तो परत विणायचा कंटाळा आला.

१४ सप्टेंबर

नवीन माणूस! खालच्या वाचनालयात रोज पेपर वाचायला येणारा मुलगा, पंचविशीचा असेल, वरून हसण्याचे आवाज येतात म्हणून बघायला आला होता आणि दारातच उभा. काकांना एकदम कंपनी मिळाल्यासारखं झालं, हाताला धरून बसवलंच. सुया काकांच्या, लोकर माझी. तीन टाके घालून दिले.

पहिल्यांदा विणणाऱ्याचे हात बघत बसणं हा वेगळाच प्रकार आहे, खांदे कानापर्यंत, जीभ बाहेर, सुया अशा धरलेल्या की कोणीतरी हिसकावून घेणार आहे. प्रत्येक टाक्यानंतर तो वर बघायचा आणि आम्ही नऊ जण मान डोलवायचो. एका तासात बारा ओळी. घाम आला होता त्याला. पुढच्या वेळी येतो म्हणाला. असं बरेच म्हणतात.

२१ सप्टेंबर

आला.

५ ऑक्टोबर

सगळे ८० पूर्ण, आणि ८१ वा म्हणून त्याचा चौकोन. आता हा चौकोन. टाके वाढवायचं काही ओळींत एका बाजूला विसरलाय, दुसऱ्या बाजूला दोनदा वाढवलंय, त्यामुळे तो पतंगाच्या आकाराचा झालाय, शिवाय मध्ये तीन भोकं जी पॅटर्नमध्ये नाहीत. तो म्हणाला उसवून परत करतो. त्याला काही उसवायचं नाही असं सगळ्यांनी एकदमच सांगितलं, मात्र लावायचा कुठे यावर मतभेद.

धाकट्या म्हणाल्या कोपऱ्यात, कमी दिसेल. आजी म्हणाल्या मधोमध. मला वाटलं त्या मायेने म्हणतायत, पण नाही, कारण एकदम व्यवहारी होतं: कडेला लावला तर एक बाजू मोकळी, तिथे वाकडेपणा तसाच राहणार आणि पूर्ण काठ लचकणार. मध्ये लावला तर चारही बाजूंनी सरळ चौकोन त्याला ताणून धरतील. नऊ बाय नऊ असल्यामुळे बरोब्बर मधला एक चौकोन आहेच. तिथे गेला.

टाचण्या लावून वाफ दिली. अॅक्रिलिकवर इस्त्री टेकवायची नाही, वरच्यावर धरायची, टेकली की लोकर कायमची चपटी होते. माझ्या हातात इस्त्री कोणी दिली नाही.

१२ ऑक्टोबर

शेपट्या. यावर कोणी काही लिहीत नाही आणि लिहायला हवं. विणलेल्या चौकोनाला दोन शेपट्या, एक सुरुवातीची एक शेवटची, ४५ चौकोन म्हणजे ९०. ग्रॅनीला चार रंग म्हणजे आठ शेपट्या, ३६ चौकोन म्हणजे २८८. एकूण ३७८ धाग्यांची टोकं बोथट सुईने आत ओवून लपवायची, एका दिशेने ओवून परत उलट दिशेने, नाहीतर धुतल्यावर बाहेर येतात.

एकटीने घरी करायचं असतं तर मी हे पांघरूण कपाटात ठेवून दिलं असतं, ठेवलेलीही आहेत तशी काही. इथे दहा जण गोल बसलो, मध्ये ढीग, ज्याच्या हाताला जो येईल तो. साडेतीन तास. नाइट ड्यूटीवाली ताई, जी महिन्याला चार वाक्यं बोलते, तिने वॉर्डातल्या रात्रीच्या गोष्टी सांगितल्या, एक भीतीची आणि दोन अशक्य विनोदी. हात गुंतलेले असले आणि नजर खाली असली की माणसं बोलतात, हे मी आधीही पाहिलंय. समोरासमोर बसून विचारलं असतं तर तिने "ठीक चाललंय" म्हटलं असतं.

त्यात आणखी एक खेळ निघाला, डोळे मिटून चौकोन हातात घ्यायचा आणि कोणाचा ते ओळखायचं. आजींचा सगळ्यांना ओळखता आला. माझा कोणालाच नाही, माझा हात म्हणे "नॉर्मल" आहे. जरा लागलंच मला ते.

१९ आणि २६ ऑक्टोबर

जोडणी. मुक्या खांबांनी, आधी सगळ्या आडव्या शिवणी मग सगळ्या उभ्या. बाईंनी मोजलं: आठ आडव्या, आठ उभ्या, प्रत्येकी १३५ सेंमी, म्हणजे २१ मीटर ६० सेंमी. चौघी हुकवाल्यांनी चार बाजूंनी धरून केलं, आम्ही सुईवाले नुसते टाचण्या पुरवत होतो, हे आमच्या लक्षात आणून देण्यात आलं. दोनदा.

२ नोव्हेंबर

काठ. क्रीम रंग निम्म्यात संपला. त्याच नंबरची लडी आणली तर लॉट वेगळा, दुकानात सारखा वाटलेला रंग शेजारी ठेवल्यावर सरळ पिवळट. मग काठाची एक फेरी जुन्याची एक नव्याची अशी आलटून पालटून केली, फरक कुठे आहे ते आता डोळ्याला सापडत नाही. मावशींना तसंही दिसणार नाही असं कोणीतरी म्हणालं आणि आजींनी त्या व्यक्तीकडे असं बघितलं की विषय संपला. ती व्यक्ती मी.

वजन १ किलो ३०० ग्रॅम.

९ नोव्हेंबर

आजी, काका, नवीन मुलगा आणि मी देऊन आलो.

मावशींनी आधी एक कोपरा चुरगाळून बघितला, मग मांडीवर पसरून एकेका चौकोनावरून बोटं फिरवत गेल्या. आजींचा लगेच सापडला. "अजून फास आवळल्यासारखं विणतेस का गं?" काकांचा ओळखला. मोठ्या जाऊबाईंचा ओळखला. एक बाईंचा म्हणून सांगितला तो डावखुऱ्या ताईचा होता, मी तसं म्हणाले तर म्हणाल्या बाईंचाच आहे, आणि मग वाद घातला नाही. माझ्यावर बोट थांबलं, थोडा वेळ थांबलं, म्हणाल्या, "हा तुझा. शेपटी बाहेर आलीये."

खरंच आली होती.

मधल्यावर आल्या. दोनदा चाचपला, भोकांत बोट घालून बघितलं. "हा कोणाचा? हा हात माझ्या ओळखीचा नाही." मुलगा पुढे झाला, त्याला काय बोलावं सुचेना. त्यांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले, तळवे दाबून बघितले, आणि म्हणाल्या सुई फार घट्ट धरतोस, सैल धर. तिथेच पंधरा मिनिटं शिकवणी झाली, सुया आजींच्या पिशवीत होत्याच. पांघरूण तेवढा वेळ बाजूला पडलेलं.

१६ नोव्हेंबर

आज कोणाकडेच काम नाही. सगळे आले, बसले, हातांचं काय करायचं कळेना. शेवटी आजींनी पिशवीतून एक स्वेटर काढला, पाठ आणि एक बाही झालेली, सहा वर्षं तसाच. ज्याच्यासाठी होता तो आता त्यांच्यापेक्षा उंच झालाय. ते बघून काकांनी कबूल केलं की त्यांच्याकडे एकेकटे असे पाच मोजे आहेत, जोडीचे नाहीत. मग प्रत्येकानेच सांगायला सुरुवात केली. पुढच्या शनिवारी ज्याचं जे अर्धवट आहे ते घेऊन यायचं असं ठरलं, मी यादी केली, दहा जणांचे मिळून २७ नग. नवीन मुलाचासुद्धा एक, दोन महिन्यांत!

माझे चार लिहिलेत. पाचवा आहे, पण तो मी सांगितलेला नाही.